आमचे साडू आणि पाच मणांची तुळई

माझ्या साडूंइतका छळवादी सज्जन निजामाच्या उभ्या राज्यात दुसरा झाला नसेल, हे मी कुठल्याही कचेरीत शपथेवर सांगायला तयार आहे. छळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ती उघड उघड दुष्ट असतात, त्यांना चार शिव्या हासडल्या की आपल्याला जेवण गोड लागतं. आमच्या साडूंच्या बाबतीत तीही सोय नव्हती. पान नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. हैदराबादेत उर्दूतून शिकून आले आणि तामीरात, म्हणजे सरकारच्या बांधकाम खात्यात, नक्शानवीस म्हणून लागले. पूल, मोऱ्या, सरकारी इमारती यांचे नकाशे काढायचे. इथवर सगळं ठीक होतं. पण शिकताना कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं, की जगातली प्रत्येक वस्तू कशावर तरी टेकलेली असते, आणि जो टेकू तिला धरतो तो तिला उलटा रेटत असतो, आणि तो किती रेटतो हे कागदावर काढता येतं. बास. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

तुम्ही आम्ही खाट बघितली की आडवे होतो. साडू खाट बघितली की उभे राहत. चारही पायांकडे आळीपाळीनं संशयानं बघत आणि म्हणत, "चार पायांचा भरवसा न्हाई, साडूभाऊ. तीन असते तर कोणावर किती वजन ते सांगता आलं असतं. चार म्हणल्यावर हिशेब लागत न्हाई. एखादा पाय नुसता उभा राहून पगार खात असंल." आणि पाहुण्यासाठी मुद्दाम शेजारून मागून आणलेली खाट सोडून हा गृहस्थ जमिनीवर घोंगडी टाकून झोपायचा. माझी बायको त्या खाटेकडे बघून डोळ्यांत पाणी आणायची. दाजींचा आपण नीट पाहुणचार केला नाही असं तिला वाटे. मला मात्र ती खाट उचलून त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटे, चारही पायांनी.

त्यांची कामाची पद्धत तर अशी की घराची अब्रू जावी. कुठलीही वस्तू असो, आधी तिला सोडवायची. म्हणजे शिडी भिंतीला टेकून उभी असेल, तर चित्रात शिडी काढायची आणि भिंत पुसायची, जमीन पुसायची. शिडी बिचारी अधांतरी. मग जिथं भिंत होती तिथं एक बाण, जिथं जमीन होती तिथं दुसरा बाण, वजनाचा एक बाण खाली. "आता सगळे बाण मिळून तिला हलू देत न्हाईत, असं धरायचं. वर-खाली बराबर, आडवं बराबर, आणि कुठल्याबी टोकाभोवती फिरणं बराबर. मंग टेकू आपोआप सापडतात." हे सगळं ते कागदावर करत असते तर माझं काय जात होतं? पण कागद सरकारी, तो घरच्या कामाला वापरायचा नाही. म्हणून हे चित्र कोळशानं निघायचं आणि ते माझ्या बायकोनं सकाळी सारवलेल्या ओल्या जमिनीवर. एका दिवाळीला दारातल्या रांगोळीशेजारी त्यांनी कोळशानं आमच्या दाराची चौकट काढून ठेवली होती आणि आलेल्या सवाष्णी त्या बाणांना चुकवून पाय टाकत होत्या, काहीतरी देवाचं असेल म्हणून.

शिडीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. दसऱ्याच्या आधी मी घराला चुना देत होतो. एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात कुंचा, मी शिडीच्या मध्यावर. खालून आवाज आला, "साडूभाऊ, हलू नका." मला वाटलं साप. मी थिजलो. साडूंनी खाली बसून कोळसा काढला. "तुम्ही जसजसे वर चढाल, तसतशी शिडी खालून घसरायला बघंल. भिंत नुसती आडवी रेटून राह्यली, ती तुमचं वजन घेत न्हाई. जरा थांबा." किती थांबा! बादली धरून माझा खांदा निखळायची वेळ आली, चुना मनगटावरून कोपरापर्यंत आला, शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. शेवटी साडू उठले, हात झटकले आणि समाधानानं म्हणाले, "अजून दोन पायऱ्या चढायला हरकत न्हाई. तिसरीला पडाल." मी मराठ्याचा बच्चा. मी तीन चढलो. चुन्यातून मला बाहेर काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी मेल्याशिवाय विसरणार नाही. म्हणाले, "बघा, बराबर तिसरी!"

बैलगाडीतून यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर सत्त्वपरीक्षा. तीर्थपुरीला लग्नाला निघालो होतो. ओझं पुढं आलं तर बैलांच्या मानेवर पडतं, मागं गेलं तर गाडी उलाळते, हे गाडीवानाच्या पोरालाही कळतं. गाडीवान बायामाणसांना अंदाजानं पुढं-मागं बसवतो आणि हाकतो. साडूंना अंदाज चालत नसे. त्यांनी गाडी थांबवली, आणि भर रस्त्यात, माझ्या सासूबाईंना, ज्यांच्यापुढं मी अजून मान वर करून बोललो नव्हतो त्या बाईंना, हात जोडून विचारलं, "आत्याबाई, आपलं वजन किती?" सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "अहो, शरम आहे का काही?" तर हे माझ्यावरच चिडले. "बैलाला तोंड न्हाई म्हणून त्याच्या मानेवर किती आलं ते इचारायचं न्हाई का?" त्या दिवशी गाडीतलं सामान तीनदा उतरलं आणि चारदा चढलं. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. बैल मात्र ताजेतवाने होते.

त्याच लग्नात बाकाचा प्रकार झाला. लांब बाक, पाय बरेच आतल्या बाजूला. मध्ये दोन जाडजूड पाहुणे, आणि अगदी टोकाला आमचे सासरे, नवा फेटा बांधून. साडू समोर उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते. पंगतीची हाळी आली, मधले दोघं उठले आणि सासरे बाकासकट उताणे झाले. फेटा एकीकडे, पाय आभाळाकडे. धावाधाव झाली. मी साडूंना बाजूला ओढून दात ओठ खात विचारलं, तुम्हाला दिसत होतं ना? "दिसत होतं ना," ते म्हणाले. मग बोलला का नाहीत? त्यावर त्यांचं उत्तर ऐका. "बाकाचं वजन मला ठाऊक नव्हतं. खातरी नसताना कसं बोलायचं, साडूभाऊ?" आता या माणसाचं काय करायचं सांगा!

हे असं आहे. खातरी असली की हा माणूस चुन्यात पाडायला कमी करायचा नाही आणि खातरी नसली की सासऱ्यांना उताणं होऊ द्यायचा. ही गोष्ट मी हसण्यावारी नेत होतो, कपाळाला हात लावत होतो, बायकोपाशी कुरकुरत होतो. पण ती एक दिवस माझ्याच गळ्याशी येईल असं वाटलं नव्हतं. ते वर्ष आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी तेव्हा भोकरदनला एका बड्या अडत्याच्या कापसाच्या आवारात मुनशी होतो. आवारात कुणाची गाडी आधी, कुणाची मागं, काटा कुठं, हमाल किती, सगळं माझ्या शब्दावर. साडू त्याच हंगामात गावाबाहेरच्या रस्त्यावर मोरी बांधायच्या कामावर आले आणि नात्याला धरून आमच्याच घरी उतरले. आवारात कापूस जोखायला एक मोठी तुळई होती. बारा हात लांब, सागाची, दोन खांबांवर ठेवलेली. मागचा खांब तुळईच्या शेपटाशी, पुढचा खांब टोकापासून तीन हात आत, आणि पुढं निघालेल्या टोकाला काटा लटकवलेला. ही सगळी उभारणी रामजी सुताराची. रामजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लाकडावर नुसता हात फिरवून ते किती दिवस टिकेल हे सांगायचा. तुळई चढवली तेव्हा त्यानं मला बजावलं होतं, "मुनशीजी, तीन मणाच्या वर बोजा लटकवू नका, अन् खांब हाये तिथं ऱ्हाऊ द्या." मी हो म्हणालो. सुतार काय, काहीही सांगतात.

हंगाम भरात आला. गाड्यांची रीघ लागली. कापसानं फुगलेल्या गाड्या मागं घेताना त्या पुढच्या खांबाला घासायच्या, बैल बुजायचे, गाडीवान एकमेकांच्या आया-बहिणी काढायचे. एक दिवस सकाळी मी वैतागलो आणि दोन हमालांना सांगितलं, "हा खांब दोन हात मागं घ्या. काय बिघडतं!" त्यांनी मागं नवा खड्डा केला, तुळईला बाजूनं टेकू देऊन खांब काढला, मागं उभा केला. तासाभराचं काम. गाड्या झरझर फिरायला लागल्या. मी स्वतःवर खूश झालो. आणि मापाड्यानं पहिला पुरा बोजा काट्याला लावला तशी तुळईनं मागून शेपूट उचललं आणि पुढचं टोक खाली आलं ते मापाड्याच्या पायावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मापाड्याला बाजेवर घालून वैद्याकडं नेलं. आवार रिकामं झालं. आणि मग मी जे केलं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. पोलिसांचे अमीनसाहेब पंचनाम्याला यायच्या आत मी त्याच दोन हमालांकडून खांब जुन्या खड्ड्यात परत उभा करवला, नवा खड्डा मातीनं बुजवला, वर सरकीचा कचरा पसरला. हमाल माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचं पोट माझ्या शब्दावर होतं. त्यांनी फावडी उचलून ठेवली. अमीन आले, त्यांनी मोजमाप लिहून घेतलं आणि विचारलं की तुळईचं मागचं टोक खांबाला बांधलेलं का नाही? ते खरोखरच बांधलेलं नव्हतं. नुसतं खाचेत ठेवलेलं होतं. संध्याकाळी रामजी सुताराला घरातून उचलून नेलं आणि कोठडीत बसवलं. निष्काळजीपणानं माणूस जायबंदी केला, हा आरोप. सहा दिवसांनी तहसीलदारांपुढं उभं करायचं ठरलं.

त्या संध्याकाळी साडू मोरीवरून आले, सगळं ऐकलं आणि हात-पाय न धुता जमिनीवर बसले. कोळसा निघाला. "पुढचा खांब टोकापासून किती हातावर?"

"तीन," मी म्हणालो.

"पडली तवाबी तीनच?"

"मग! खांब काय चालत जातो का?"

साडू हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तुळई काढली, खांब पुसले, बाण काढले. "हे बघा. पुढच्या खांबाभोवती तुळई फिरायला बघती, असं धरू. तुळई पाच मणांची. तिचं वजन मध्यावर, म्हणजे खांबाच्या मागं तीन हात. पाच त्रिक पंधरा. हे तिला मागं दाबून ठेवतंय. काटा अन् बोजा मिळून चार मण, खांबाच्या पुढं तीन हात. चार त्रिक बारा. हे पुढं ओढतंय. पंधरा जास्त. शेपूट मागच्या खांबावर दाबलेलंच ऱ्हाणार. त्याला बांधायची गरजच न्हाई. रामजीनं बराबर केलंय." ते क्षणभर खूश झाले आणि मग त्यांचा चेहरा पडला. "मंग पडली कशी?"

मी म्हणालो, "नशीब."

तुम्हाला वाटेल, इथं कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. पाच वर्षांच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, की खांब हलला असेल आणि हा मुनशी थापा मारतोय. माझी बायको माझ्याकडं एकटक बघत होती, तिला पहिल्याच रात्री कळलं होतं. पण आमचे साडू! त्यांनी सगळं पुसून पुन्हा काढलं. पंधरा. बारा. पुन्हा पुसलं. पुन्हा पंधरा, पुन्हा बारा. दुसऱ्या दिवशी ते आवारात गेले आणि तुळई उचलून तिचं वजन करवलं. पाच मण. तिसऱ्या दिवशी बोजा परत जोखला. काट्याचं वजन केलं. दोरीचंसुद्धा केलं. तुळई एका बाजूला जड असेल म्हणून ती मधोमध एका दगडावर ठेवून तोलली, तर ती बाभळीच्या काट्याइतकीही ढळली नाही. बुजवलेल्या खड्ड्यावर हा माणूस उभा राहून विचार करत होता आणि मी चार हातांवरून बघत होतो. खाली बघा ना, मी मनात ओरडत होतो. एकदा खाली बघा! नाही. त्यांचं लक्ष तुळईवर.

चौथ्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि म्हणायचे, "पाच त्रिक पंधराच ना हो?" माझी बायको, तिचं काळीज बायकांचं, "हो दाजी, पंधराच" म्हणून आत जाऊन रडायची. मी तिच्यावर खेकसायचो. मला राग येत होता. इतका राग मला उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता. अरे, इतका भोळा असतो का माणूस? सरकारी नोकर तू, हैदराबाद बघितलेला, अन् समोर बसलेल्या माणसाचं तोंड वाचता येत नाही तुला? मी रात्रंदिवस मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. रामजीच्या बायकोला रस्त्यात बघितलं की गल्ली बदलत होतो आणि त्याचाही राग साडूंवरच काढत होतो.

पाचव्या दिवशी त्यांनी मला एक अर्जी वाचून दाखवली. उर्दूत लिहिली होती, मला मराठीत समजावून सांगितली. ज्या माणसाला एका तुळईचे दोन टेकू सोडवता येत नाहीत त्यानं लोकांच्या जाण्यायेण्याच्या मोऱ्या बांधणं धोक्याचं आहे. सबब मोरीचं काम थांबवावं, माझे आजवरचे नकाशे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत आणि मला नोकरीतून मोकळं करावं. "तहसीलदारांनी तुळईबद्दल माझी राय मागितली, ती देऊन झाली की पाठवतो," म्हणाले. अर्जी त्यांनी चौघडी करून खिशात ठेवली. सोळा वर्षं नोकरी झाली होती त्यांची. घरी दोन मुली लग्नाच्या.

मी म्हणालो, "वेड लागलं का तुम्हाला?"

"न्हाई," ते म्हणाले. "हिशेब चुकतोय माझा. कुठं चुकतोय ते कळून न्हाई राह्यलं. मोरीवरून लेकरं जातील उद्या."

सहाव्या दिवशी कचेरी भरली. रामजी सुतार एका कडेला, हात बांधलेले, दाढी वाढलेली. तहसीलदारसाहेब बुजुर्ग होते, नाकावर चष्मा. त्यांनी तामीरातचा माणूस म्हणून साडूंना पुढं बोलावलं. "आप की क्या राय है?" साडू उभे राहिले. सहा दिवसांत निम्मे झाले होते. म्हणाले, "हुजूर, माझ्या हिशेबानं ही तुळई पडायलाच नको होती. पण ती पडली. तेव्हा माझा हिशेब गलत आहे. मला राय देता येत न्हाई." आणि खिशात हात घातला.

तहसीलदारांनी मान हलवली आणि कलम उचललं. तेवढ्यात रामजी बोलला. ओरडला नाही, गयावया केली नाही. साडूंकडं बघून नुसतं म्हणाला, "सायब, तुमी कोठडीत येऊन मला सांगितल्तं, रामजी तुझं बराबर हाये म्हणून."

"तेव्हा मला तसं वाटत होतं, रामजी," साडू म्हणाले. "माफ कर."

बास, माझा तोल सुटला. मला पश्चात्ताप झाला, देव आठवला वगैरे काही मी सांगणार नाही. मला संताप आला. माफी मागतोय! खिशातून अर्जी काढतोय! मी गर्दीतून पुढं घुसलो आणि भर कचेरीत ओरडलो, "अहो, तुमचा हिशेब बरोबर आहे! खांब मी हलवला होता! दोन हात मागं! पंचनाम्याच्या आधी परत मीच लावला! आता तरी जेवा!"

अमीनसाहेब माझ्याकडं वळले. मी डोळे मिटून घेतले, आता साडू माझं थोबाड फोडणार. आणि काय ऐकू आलं म्हणता? "दोन हात!" साडू आनंदानं किंचाळले. "म्हणजे तुळईचा मध्य खांबाच्या मागं एकच हात! पाच एके पाच! अन् बोजा पुढं पाच हात! चार पंचे वीस! हुजूर, पाच विरुद्ध वीस! ती पडणारच! तिच्या बापालाबी पडावं लागलं असतं!" त्यांनी कचेरीतली एक फळी ओढली, दोन विटा मागवल्या, टोकावर पाण्याची सुरई ठेवली आणि तहसीलदारांना, त्या बुजुर्ग माणसाला, खुर्चीवरून उठवून मागच्या टोकावर हात ठेवायला लावला. वीट जागेवर होती तोवर फळी गप्प होती. साडूंनी पुढची वीट मागं सरकवली तशी फळी साहेबांचा तळहात वर उचलायला लागली. साहेबांनी जोर लावून ती दाबून धरली आणि चष्म्यावरून साडूंकडं बघितलं. "ये तो ऊपर आ रहा है."

"हां हुजूर! आता इथं दोरी पाहिजे. पण रामजीनं जिथं खांब दिला होता तिथं दोरीची गरजच नव्हती!"

रामजीला तिथल्या तिथं सोडलं. त्यानं साडूंचे पाय धरले, साडूंनी त्याला फळीवर विटेच्या जागी कोळशानं काढलेली खूण दाखवली. माझ्याकडं बघायला कुणाला फुरसत नव्हती. मग अचानक साडूंचा हात थांबला, ते वळले, आणि त्या सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना माझं तोंड दिसलं असावं. "साडूभाऊ," ते म्हणाले, "आता तुमची नोकरी?"

नोकरी त्याच दिवशी गेली. कोठडी टळली ती मापाड्यानं बाजेवरून माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून. त्याचा पाय बरा होईपर्यंत त्याच्या घरचं दळणकांडण, पाणी, जनावरं सगळं मी बघायचं, असं साहेबांनी फर्मावलं आणि ते मी केलं. पण ते पुढचं. त्या दुपारी कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा साडू माझ्या बरोबरीनं चालत होते. मी वाट बघत होतो, आता बोलतील, आता थुंकतील माझ्यावर. ते बोलले. "नवा खड्डा किती खोल होता?"

मग मात्र मी रस्त्यातच थांबलो. "अहो, शिव्या द्या ना मला! सहा दिवस तुमच्या तोंडावर खोटं बोललो मी. तो गरीब माणूस कोठडीत सडत होता. तुम्ही उपाशी राहिलात, नोकरी सोडायला निघालात. एकदासुद्धा मनात आलं नाही, हा साडू लबाड आहे म्हणून?"

ते गोंधळले. खरोखरच गोंधळले. उन्हात उभे राहून त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "पण तुम्हीच तर सांगितलं होतं, खांब तिथंच होता म्हणून."

मोरी पुरी झाली, ती अजून आहे, तिच्यावरून आता मोटारीही जातात. पुढं राज्य बदललं, खातं बदललं, साडूंची बदली लांब परभणीकडं झाली आणि ते तिकडंच वारले. कळायला आम्हाला चार दिवस लागले. मी जालन्याला एका दुकानात लागलो होतो, बरं चाललं होतं. खोटं बोलायचं मी सोडलं असं नाही, बोलतो अधूनमधून. पण आता समोरचा चटकन ओळखतो, आणि बायको तर मी तोंड उघडायच्या आत ओळखते. खरं सांगितलं तरी लोक दोनदा विचारतात. आणि मला त्या माणसाचा राग येतो, आजही येतो. त्यानं पाच त्रिक पंधरावर शंका घेतली, सागाच्या तुळईवर घेतली, काट्यावर, दोरीवर, स्वतःच्या सोळा वर्षांच्या नोकरीवर घेतली. माझ्यावर घेतली नाही. तेवढं खरं मला पुन्हा कुणी मानलं नाही.